लाइफबोट सुटी कुठे होते: डेव्हिटची बोट आणि फ्री-फॉल बोट

समुद्रातल्या तेलाच्या रिगवर अपघात झाला की नारिंगी लाइफबोट उंचावरून पाण्यात झेपावतानाचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि खाली तेच ते वाक्य येते: "साधी लाइफबोट हळू उतरते, फ्री-फॉल पटकन उतरते, एवढाच फरक." कोणी याच्याही पुढे जाऊन लिहितो की डेव्हिटच्या, म्हणजे वायरला टांगून खाली सोडायच्या साध्या बोटीचे हुक वरच सोडले तर तीही फ्री-फॉलच, म्हणजे उंचावरून थेट पाण्यात पडणारी बोट झाली. ऑफशोअरला नोकरी करणारी माणसेसुद्धा असे बोलतात. पहिले वाक्य अर्धवट आहे. दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवला तर माणसे मरतील.

डेव्हिट म्हणजे रिगच्या कडेवरचे, बोट टांगायचे हात. दोन हुक, दोन वायर, वायर गुंडाळणारा विंच, ब्रेक. माणसे आत बसली की ब्रेक सोडायचा, बोट पाण्यावर टेकली की हुक सोडायचे आणि इंजिनावर निघायचे. बंदिस्त छप्पर, आगीतून जाताना वरून उडणारा पाण्याचा फवारा, डिझेल इंजिन, नारिंगी रंग, हे दोन्ही प्रकारांत मिळते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न एकच: बोट रिगपासून सुटी नेमकी कुठे होते?

डेव्हिटची बोट सुटी होते पाण्याच्या पातळीवर, आणि वादळात त्याहून वाईट जागा नाही. शांत समुद्रातल्या ड्रिलमध्ये, म्हणजे बोट सोडण्याच्या सरावात, हे कळतच नाही. तीन-चार मीटरची लाट धरा. लाट खालून येते, बोट उचलली जाते, वायर ढिली पडते. लाट पुढे गेली की खालचे पाणीच निघून जाते आणि बोट हिसका बसून पुन्हा वायरला लटकते. या ओढाताणीत पुढचा आणि मागचा हुक एकाच क्षणी सुटायला हवा. एक सुटला आणि एक अडकला, तर बोट एका टोकावर टांगली जाते. दोन्ही नीट सुटले तरी बोट रिगच्या पायांशीच आहे आणि तिला वेग नाही. वारा रिगच्या दिशेने असेल तर तो तिला पुन्हा पायांवर आणून आदळतो.

27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात 'अलेक्झांडर एल. कीलँड' हा नॉर्वेचा रिग वादळात पाय तुटून उलटला. त्यावरच्या 212 पैकी 123 माणसे गेली. सात लाइफबोटींपैकी चार खाली सोडल्या गेल्या, आणि त्यांतली एकच वायरपासून सुटू शकली. हुकावर भार असेपर्यंत तो उघडू नये अशी त्यात सोय होती. चुकून वरच हुक उघडू नये म्हणून केलेली ही सोय. त्या समुद्रात भार हटेचना.

पुढे भार असतानाही उघडता येणारे हुक जहाजांवर सक्तीचे झाले, आणि उलटा त्रास सुरू झाला. हुक पूर्ण बसलेला नसला, केबल गंजलेली असली, की तो नको तेव्हा उघडायचा. ड्रिल करतानाच बोटी कोसळून खलाशी मेले. शेवटी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नियम बदलले आणि निकषांत न बसणारे जुने हुक 1 जुलै 2019 पर्यंत बदलणे किंवा सुधारणे भाग पाडले. हुकांच्या या सगळ्या इतिहासाचे मूळ एकच आहे: सुटका पाण्याजवळ, लटकलेल्या अवस्थेत करायची.

फ्री-फॉलमध्ये ती सुटका वरच होऊन जाते. बोट उतरत्या रॅम्पवर नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली करून उभी असते. सगळे आत येतात, पट्टे बांधतात, दार बंद होते. मग आतूनच हायड्रॉलिक पंप मारून हुक सोडायचा. सोडण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असाव्या लागतात आणि त्या फक्त बोटीच्या आतून चालाव्यात असा नियम आहे. हुक सुटल्यावर बोटीचे रिगशी कसलेच नाते राहत नाही. खाली लाट कशीही असो, तिथे सोडायचे काही शिल्लक नसते.

आता तो वेग. 30 मीटरवरून सुटलेली बोट साधारण अडीच सेकंदांत पाण्याला लागते, तेव्हा तिचा वेग तासाला 85 किलोमीटरच्या पुढे असतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटते, हा वेग म्हणजे या पद्धतीची किंमत. माझ्या मते सगळी रचना याच वेगासाठी आहे. नाळ रॅम्पच्या कडेबाहेर गेली की बोट पुढे कलू लागते आणि तिरकी, नाळेवर पाण्यात शिरते. विहिरीत सूर मारणारा पोरगा जसा आत शिरून पुढे जाऊन वर येतो, तशी ती पाण्याखाली वळते आणि रिगपासून दूर डोके वर काढते. पडण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगात बदललेला असतो, इंजिन चालू होवो न होवो. म्हणून जहाजांच्या लाइफबोटींच्या नियमांतच लिहिले आहे की पाण्यात शिरताच बोटीने पुढे सरकले पाहिजे, आणि जहाज 20 अंशांपर्यंत कलंडलेले व लांबीच्या दिशेने 10 अंशांपर्यंत झुकलेले असले तरी ती त्याला लागता कामा नये.

रॅम्पऐवजी हुकावर तिरकी टांगून सरळ खाली सोडायच्या बोटीही असतात. फरक बेताचा आहे, तत्त्व तेच.

आता पुन्हा ते वाक्य बघा: "हुक वरच सोडला की तीही फ्री-फॉलच." डेव्हिटची बोट सुटली तर तळावर सपाट आपटते, किंवा एक हुक आधी सुटल्याने नाळ खाली करून वेडीवाकडी कोसळते. आतली माणसे कडेच्या बाकांवर समोरासमोर बसलेली असतात, आणि दणका सरळ मणक्यातून जातो. फ्री-फॉल बोटीत माणूस नाळेकडे पाठ करून, मागे रेलून बसतो, म्हणजे तोच दणका पाठ, डोके आणि खुर्ची वाटून घेतात. हे फक्त पट्टा घट्ट असेल तरच. "गुदमरायला होतं" म्हणून पट्टा ढिला ठेवणाऱ्याचे अंग बोट थांबल्यानंतर खुर्चीवर आदळते. पट्ट्याच्या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकत नाही.

फ्री-फॉल बोट बिनचूक आहे असे मात्र नाही. 2005 मध्ये नॉर्वेच्या वेस्लेफ्रिक बी प्लॅटफॉर्मवर चाचणीत टाकलेल्या नव्या बोटीच्या वरच्या भागाला पाण्याच्या दाबाने इजा झाली. लाटेच्या कोणत्या भागावर बोट शिरते यावर तो दाब ठरतो, आणि शांत पाण्यातल्या चाचणीत ते दिसत नाही. या बोटींच्या रचनेसाठी डीएनव्ही या जहाजांची मानके ठरवणाऱ्या नॉर्वेच्या संस्थेचे वेगळे मानक 2009 मध्ये आले.

आणि बोटीपर्यंत पोहोचताच आले नाही तर दोन्ही प्रकार सारखेच. 27 जुलै 2005 रोजी भर पावसाळ्यात मुंबई हाय नॉर्थ या तेलाच्या प्लॅटफॉर्मला जहाजाची धडक बसून आग लागली, 22 माणसे गेली. आठ लाइफबोटींपैकी दोनच सोडता आल्या. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 1988 मध्ये धुराने आणि आगीने लाइफबोटींची वाटच बंद केली. म्हणून बोटी एकाच बाजूला नकोत, आणि राहण्याच्या खोल्यांपासून त्यांच्याकडे जाणारी वाट आगीपासून झाकलेली हवी.

जिथे लाटा मोठ्या आहेत तिथे नव्या प्लॅटफॉर्मवर मी फ्री-फॉलच मागेन. स्ट्रेचरवरच्या जखमीसाठी मात्र डेव्हिटची बोट बरी, त्यामुळे एखादी ठेवावीच. फ्री-फॉलची आणखी एक अट ड्रिलमध्ये कोणी बोलत नाही: रॅम्पसमोरचे पाणी कायम मोकळे हवे. माल घेऊन आलेली सप्लाय बोट सोयीसाठी तिथे उभी करू देऊ नका. नाळेकडे पाठ करून बांधलेल्या माणसांना खाली काय आहे ते दिसत नाही.