कीबोर्डच्या चिपकडे मेमरीची किल्ली

'के' दाबला की कॉम्प्युटरला 'के' कळतो, असा आपला समज. खरं तर कीबोर्डला अक्षरओळखच नाही. १९८१च्या आयबीएम पीसीचा ८३ बटणांचा कीबोर्ड नुसता बटणाचा नंबर कळवायचा: 'के' दाबलं की ३७, सोडलं की त्यात १२८ मिळवून १६५. त्याचं अक्षर करायचं ते सॉफ्टवेअरने. म्हणून तर इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची कीबोर्ड-मांडणी) निवडल्यावर त्याच बटणातून 'क' उमटतो, आणि कीबोर्डला त्याचा पत्ताही नसतो.

हे नंबर तेव्हा एकाच दिशेने जायचे. १९८४च्या पीसी एटी या आयबीएमच्याच पुढच्या कॉम्प्युटरमध्ये बोलणं दुतर्फी झालं. कॅप्स लॉकचा दिवा लावायचा तर कॉम्प्युटरलाही कीबोर्डला काही सांगता यायला हवं. त्यासाठी मदरबोर्डवर इंटेलची ८०४२ ही छोटी चिप आली. नव्या कीबोर्डने 'के'चा नंबर बदलून ६६ केला होता. ८०४२ त्याचा गुपचूप ३७ करून द्यायची, म्हणजे जुने प्रोग्रॅम बिनघोर चालायचे.

जुनं मोडू द्यायचं नाही, या हट्टापायी पुढे गंमतच झाली. आधीच्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगणाऱ्या २० तारा होत्या, म्हणजे १ एमबी मेमरी. त्यापलीकडचा पत्ता दिला की तो फिरून सुरुवातीला यायचा, आणि काही प्रोग्रॅम चक्क यावरच विसंबून होते. एटीच्या ८०२८६ प्रोसेसरला मात्र २४ तारा, १६ एमबीची मजल. तिथे पत्ता फिरून येईना. मग एकविसावी तार (शून्यापासून मोजायची म्हणून नाव ए२०) दाबून धरायची सोय केली, आणि तिचा खटका जोडला ८०४२च्या एका रिकाम्या पिनेला! मेमरीचं दार उघडायला कीबोर्डच्या चिपला सांगायचं, तेही ती मोकळी होईपर्यंत थांबून. ८०२८६ प्रोटेक्टेड मोडमध्ये (१ एमबीपलीकडची मेमरी वापरू देणाऱ्या पद्धतीत) गेला की रीसेटशिवाय परतत नसे. तो रीसेटही हीच चिप द्यायची.

१९८७ला पीएस/२ची गोल ६ पिनांची सॉकेट आली. भाषा एटीचीच, शेजारी माऊसची सोय. १९९६च्या यूएसबीने रीतच पालटली: कीबोर्डने आपणहून हाक मारायची नाही, कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारेल तेव्हाच सांगायचं. पण जुन्या सॉफ्टवेअरला हे कुठलं ठाऊक? म्हणून बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) यूएसबी कीबोर्डसाठी ८०४२चं सोंग आणू लागलं. लिनक्समध्ये मशीन रीस्टार्ट करायच्या पर्यायांत आजही एक कीबोर्ड कंट्रोलरचा, म्हणजे याच ८०४२चा आहे.