कॅनडाच्या निसर्गचित्रांतले रान खरेच निर्मनुष्य होते का?

‘कॅनडाच्या चित्रकारांनी माणसाचे पाऊलही न पडलेले रान रंगवले’ हे वाक्य लाल-केशरी मेपलच्या चित्राखाली वर्षानुवर्षे फिरत आले आहे. चित्रांत माणूस क्वचितच दिसतो, त्यामुळे तसा समज होणे स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ नावाच्या ज्या चित्रकारांच्या गटाने 1920 मध्ये टोरोंटोत पहिले प्रदर्शन भरवले, त्यांचे आवडते प्रदेश म्हणजे ऑन्टारिओतील अल्गॉन्क्विन उद्यान आणि अल्गोमा. हे उद्यान 1893 साली स्थापन झाले, तरी तेथील पांढऱ्या पाइनची लाकूडतोड त्याआधीपासून चालू होती आणि पुढेही चालू राहिली. ओंडके वाहून नेण्यासाठी नद्यांवर बांध घातलेले होते. अल्गोमात तर हे चित्रकार रेल्वेच्या मालडब्यातच मुक्काम करीत. डबा बाजूच्या रुळावर उभा करून ते आसपास हिंडत आणि लहान लाकडी फळ्यांवर जागच्या जागी रंगवत. जिथे रुळ पोहोचले होते, ते रान अस्पर्श कसे म्हणावे? शिवाय येथील मूळनिवासी अनिशिनाबे लोक या भूमीवर त्याआधी कित्येक शतके राहत होते. चौकटीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, ही चित्रकाराची निवड होती. माझ्या मते ती कलेच्या दृष्टीने गैर नाही, पण तिला भूगोलाचा पुरावा मानता येत नाही.

पडताळणीसाठी त्या काळचा रेल्वेचा नकाशा चित्रस्थळांशेजारी ठेवून पाहावा. नंतर याच चित्रकारांची कमी प्रसिद्ध चित्रे पाहावीत. त्यांत वाहते ओंडके आणि वणव्यात जळालेली खोडे स्पष्ट दिसतात.