अर्धपुतळ्याला होकार देण्याआधी मातीचे काम समक्ष पाहा

वडिलांचा, आजीचा किंवा संस्थेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा करायला देणारे बहुतेक ग्राहक म्हणतात, "मातीच्या कामाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ओके कळवतो." फोटो आम्ही जरूर पाठवतो, पण त्यावरचा होकार धरत नाही.

मोबाइल दीड-दोन फुटांवर धरला की नाक मोठे दिसते, कान मागे जातात. ओली माती चकाकते, त्यामुळे गालाचा हलका उतार फोटोत कळतच नाही. मग "नाक कमी करा" असा निरोप येतो. नाक मुळात बरोबर असते. ते कमी केले की ओतकाम, म्हणजे साच्यात ओतून केलेला पक्का पुतळा, घरी आल्यावर "हे आमचे दादा वाटत नाहीत" असे ऐकावे लागते, आणि तेव्हा उपाय उरत नाही. एकाच ओतकामासाठी आम्ही पीओपीचा साचा घेतो, त्यातली माती खरवडून काढावी लागते आणि मूळ काम तिथेच मोडते. फायबरमध्ये नाकाचे टोक घासता येईल, चेहऱ्यावरचे हसू बदलता येत नाही. पुन्हा मातीला आतून धरणारा सांगाडा बांधण्यापासून सुरुवात करावी लागते.

भाव फार थोड्या मातीवर ठरतो. मनापासून हसताना गाल वर चढतो आणि खालची पापणी किंचित फुगते. नुसती ओठांची टोके उचलली तर चेहरा फोटोसाठी हसल्यासारखा होतो. नजरेसाठी बुबुळाच्या जागी खळगा कोरून वरच्या कडेला मातीचा बारीक ठिपका ठेवतो. खळग्यात सावली पडते, ठिपका उजेड धरतो आणि डोळा पाहू लागतो. ठिपका एक-दोन मिलिमीटर सरकला तरी नजर बदलते. हे सारे डोळ्यांनी, फिरून पाहण्याचे आहे.

आल्यावर आधी सहा-आठ फुटांवर उभे राहा, फिरते स्टँड सगळीकडून पाहा आणि मगच बोला. "ओठ वर घ्या" यापेक्षा "फार कडक दिसतात" हे आम्हाला जास्त उपयोगी पडते. कडकपणा कदाचित भुवईत असतो. त्या व्यक्तीबरोबर रोज राहिलेले माणूस सोबत आणा. मते कितीही असोत, शेवटचा शब्द एकाचाच ठरवा. पुतळा उंच चौथऱ्यावर बसणार असेल तर तसे सांगा. बडोद्याच्या काळा घोडा पुतळ्यातले सयाजीराव महाराज आपण खालूनच पाहतो. तुमचेही काम आम्ही तेवढे उचलून दाखवू.

बोलावल्यावर आठवड्याच्या आत या. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ओले फडके आणि प्लास्टिक गुंडाळूनही माती सुकते. ती आकसते, आतला लोखंडी सांगाडा आकसत नाही, म्हणून मानेपाशी आणि कानामागे तडे जातात. सारखे पाणी मारले तर पापण्यांची बारीक कड बुजते.

"मातीचाच आवडला, भाजून द्या" असेही सांगतात. सांगाड्यावरचे भरीव काम भट्टीत टिकत नाही. टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचा पुतळा, हवा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. तो आतून पोकळ, साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा करतो. वाळताना आणि भाजताना मिळून माती जवळजवळ दहा टक्के आकसते, म्हणून सुरुवातच मोठ्या मापाने करावी लागते. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये इटालियन शिल्पकार फेलिचीची शिल्पे पाहिलेल्यांना टेराकोटाचा ऊबदार रंग वेगळा सांगायला नको; घरातल्या कोनाड्यासाठी आम्हीही तोच सुचवतो. उघड्या अंगणात मात्र ब्राँझ घ्या.

मातीच्या टप्प्यावरच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे लागत नाहीत, त्यामुळे दोनदा यावे लागले तरी संकोच करू नका. साचा घेण्याआधी समक्ष होकाराची सही मात्र घेतोच. काम द्यायला येताना समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरके असे एकाच वयाचे फोटो आणा. स्टुडिओत सुरकुत्या पुसलेला फोटो नको. चष्मा किंवा पगडी असेल तर तीही सोबत आणा. काम होईपर्यंत आम्ही ती जपून ठेवतो.