मसल कार तेलटंचाईने मेल्या नाहीत

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लावणाऱ्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकी गाड्या, १९७३च्या तेलटंचाईने संपवल्या, असं आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. अरब देशांनी तेल रोखलं ऑक्टोबर १९७३मध्ये. क्रायस्लर कंपनीचं ४२६ घनइंची हेमी इंजिन, पोरं ज्याच्यासाठी जीव टाकायची, ते १९७१मध्येच बंद झालं होतं. खरा घाव घातला तरुण चालकांच्या भरमसाट विमा हप्त्यांनी आणि प्रदूषणाच्या नियमांनी. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१मध्ये इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं; त्याने ताकद घटली.

आकड्यांनी तर फारच गैरसमज केला. आधी हॉर्सपॉवर नुसत्या इंजिनाची मोजत; १९७२पासून ती मोजताना पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर जोडलेले धरू लागले. १९७१च्या कॉर्व्हेट गाडीचं जुन्या मापाने ३६५ हॉर्सपॉवरचं ४५४ घनइंची इंजिन या मापाने २८५ भरतं. इंजिनातला एक स्क्रूही न बदलता!