घरातलं माणूस गेल्यावर त्याचा फोन आणि खाती: ग्राहकांसाठी माहिती

गेलेल्या माणसाचा फोन उघडून द्या, म्हणून अनेक कुटुंबं आमच्याकडे येतात. पिन माहीत नसेल तर फोन रीसेट करता येतो, पण त्यातले फोटो जातात आणि नंतरही त्या माणसाच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. अंदाजाने पिन टाकत राहू नका. आयफोनमध्ये तशी सेटिंग चालू असेल, तर 10 चुकांनंतर सगळा डेटा पुसला जातो.

घाईने सिम बंद करू नका. खात्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि बंद झालेला नंबर पुढे परक्या माणसाला मिळू शकतो. रिचार्ज चालू ठेवा आणि मृत्यूचा दाखला दाखवून नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. पिन ठाऊक असला तरी त्या फोनवरून यूपीआयने पैसे काढू नका; बँकेत रीतसर दावा करा.

मालकीबाबत बराच गोंधळ असतो. काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट वारसांकडे येतो, भारतात मृत्यूनंतर 60 वर्षं. पण ते फोटो ज्या खात्यात आहेत, ते खातं वारशाने मिळत नाही आणि बँकेतलं नॉमिनेशन तिथे चालत नाही. म्हणून सोय हयातीतच करावी लागते.

गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' उघडा. खातं 3, 6, 12 की 18 महिने वापरात नसल्यावर कळवायचं ते निवडा. 10 जणांपर्यंत नावं देता येतात, आणि प्रत्येकाला काय मिळेल ते वेगळं ठरवता येतं: फोटो मुलीला, ड्राइव्ह धंद्यातल्या भागीदाराला, मेल कुणालाच नाही. खाजगीपणा जपायचा तर हा भाग सावकाश भरा. त्या व्यक्तीचा मोबाइल नंबर बदलला की इथेही बदला, कारण पडताळणीचा कोड त्यावरच जातो. काहीच ठरवलं नसेल, तर 2 वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग स्वतःचं नाव, 'साइन-इन अँड सिक्युरिटी' आणि 'लेगसी कॉन्टॅक्ट' (आपल्यामागे डेटा पाहू शकणारी व्यक्ती). इथे 5 जण चालतात. तयार होणारी अ‍ॅक्सेस की छापून त्या व्यक्तीला द्या. मृत्यूच्या दाखल्यासोबत ती लागतेच. मंजुरीनंतर 3 वर्षं डेटा पाहता येतो, मात्र कीचेनमधले (आयफोन पासवर्ड जिथे साठवतो तिथले) पासवर्ड मिळत नाहीत.

पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घेण्यासाठी, ते कोर्टात गेलं की इतरांच्याही नजरेस पडतं. मृत्युपत्रात फक्त कोणाला काय द्यायचं ते लिहा. पासवर्डची यादी बंद पाकिटात वेगळी ठेवा आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.