तोतया कस्टमर केअर

तोतया कस्टमर केअर : कंपनी, बँक किंवा सरकारी खात्याचा तांत्रिक मदतनीस असल्याची बतावणी करून फोनवरून पैसे काढून घेण्याचा प्रकार. यात चोर काही फोडत नाही, हॅकिंगही फारसे करत नाही. समोरचा माणूस स्वतःच्याच बोटांनी ॲप टाकतो, कोड वाचून दाखवतो आणि पिन दाबतो. मराठवाड्यात याला सरसकट ‘फ्रॉड कॉल’ म्हणतात.

या प्रकाराचे मूळ रूप संगणकाशी बांधलेले होते. २००८ च्या सुमारास इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील घरांमध्ये ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे फोन जाऊ लागले. त्यांतले बरेचसे भारतातल्या कॉल सेंटरांतून होत. पुरावा म्हणून विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावत. तिथे धडधाकट संगणकावरही लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असतेच, पण पाहणाऱ्याला धडकी भरते. दुसरी क्लृप्ती याहून धूर्त होती. विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’ या काळ्या खिडकीत ‘असोक’ (assoc) ही आज्ञा टाइप करायला सांगायचे आणि तिथे दिसणारा ‘८८८डीसीए६०’ ने सुरू होणारा लांब क्रमांक आधीच पाठ म्हणून दाखवायचा : ‘बघा, तुमच्या संगणकाचा नंबर आमच्याकडे आहे.’ तो क्रमांक प्रत्येक विंडोजवर तोच असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा टोळ्यांवर कारवाई केली. भारतात सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्याच तक्रारी होत्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीन अडवून ‘ताबडतोब या नंबरवर कॉल करा’ म्हणणारी खिडकी म्हणूनच खोटी समजावी, ब्राउझर बंद करावा, आणि नाहीच झाला तर संगणकच बंद करावा.

मराठवाड्यात मात्र संगणकाच्या आधी मोबाइल घराघरांत पोचला, त्यामुळे इथली बतावणी वेगळी आहे. निमित्ते ओळखीचीच असतात : पीएम-किसानची केवायसी, पीक विमा, अतिवृष्टीचे अनुदान, यूपीआयवर अडकलेला व्यवहार, न आलेले पार्सल. ‘मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा’ हा संदेश तर बहुतेकांनी पाहिला असेल. महावितरणचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ असे नाव असलेल्या शीर्षकाखाली येतात, कुणाच्या दहा आकडी मोबाइलवरून नाही. शंका असल्यास १९१२ वर विचारता येते.

‘अनोळखी फोन उचलू नका’ हा सल्ला इथे तोकडा पडतो, कारण अनेकदा फोन फसणाराच लावतो. रिचार्ज अडकला की तो गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि चोराने पेरून ठेवलेला नंबर त्याला मिळतो. गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखेसमोर खोटे नंबर घातल्याचे प्रकार महाराष्ट्रात २०१८ मध्येच पुढे आले होते. आपण लावलेल्या फोनवर आपला संशय नसतो. त्यात मोबाइलमधले किचकट काम दुसऱ्याकडून करून घेण्याची गावोगाव सवय आहे. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातला पोरगा फॉर्म भरतो, घरी नातू ओटीपी वाचतो. तोतया नेमका त्या पोराच्या जागी येऊन बसतो : ‘काका, तुम्ही काही करू नका, मी सांगतो तसं फक्त दाबा.’ तो हिंदीत बोलतो याचेही इथे कुणाला नवल वाटत नाही. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या भागाला उर्दू-हिंदी परकी नाही. शिवाय खरी कॉल सेंटरेही हिंदीतच बोलतात. म्हणून भाषा, नम्रपणा किंवा व्हॉट्सॲपवरचा बोधचिन्हाचा फोटो यांवरून माणूस ओळखू जाणे व्यर्थ आहे. ट्रूकॉलरवर दिसणारे नावही लोकांनीच नोंदवलेले असते. तो कोण आहे यापेक्षा तो काय करायला सांगतो, हे पाहावे.

तो करायला सांगतो त्या गोष्टी तशा मोजक्याच असतात. पहिली, स्क्रीन दाखवणारे ॲप. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप मुळात कामाची आणि कायदेशीर आहेत. पण त्यांचा कोड सांगितला की आपली स्क्रीन परक्याच्या हाती जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या नऊ आकडी कोडबद्दल बँकांना सावध केले होते. दुसरी, ‘दोन रुपये नोंदणी शुल्क’ : रक्कम क्षुल्लक वाटते, पण ते भरताना टाइप केलेला पिन किंवा कार्डाचा तपशील हेच चोराचे खरे घबाड. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. तिसरी, ‘*२१*’ किंवा ‘*४०१*’ लावून पुढे एखादा नंबर दाबायला सांगणे. त्याने आपले कॉल, आणि त्यांबरोबर फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही, तिकडे वळतो. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून या पद्धतीने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली.

आता जोर एपीके फाइलवर, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकणाऱ्या फाइलवर आहे. बँकांची बरीच ॲप स्क्रीन शेअर होताना पडदा काळा करतात, तेव्हा चोरांनी ॲपच पाठवायला सुरुवात केली. नाव ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, नाहीतर थेट लग्नपत्रिका. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर आलेली अशी पत्रिका उघडल्यावर सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमवावे लागल्याचे वृत्त होते. लग्नपत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, तिला ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. असले ॲप एसएमएस वाचण्याची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे स्क्रीन वाचून आपल्या वतीने बटणे दाबण्याची, परवानगी मागते. ती दिली की ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही.

खरा नंबर पासबुकावर, कार्डाच्या मागे, वीजबिलावर छापलेला असतो. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आहे. ‘फोन कट करू नका’ असा आग्रह होत असेल तर तो आधी कट करावा. खऱ्या तक्रारीचे त्याने काही बिघडत नाही. नुकसान झाले नसले तरी असा कॉल दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेवर कळवता येतो. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

पैसे गेले असतील तर घरात चर्चा करत बसण्याआधी मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावावा. पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरतात, आणि १९३० वरची तक्रार त्या साखळीतल्या बँकांकडे जाऊन जिथे रक्कम सापडेल तिथे ती गोठवली जाते. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय तपशील दिला असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. मग संशयित ॲप काढावे, ‘##००२#’ लावून वळवलेले कॉल रद्द करावेत आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कमिशनच्या मोहाने आपले बँक खाते दुसऱ्याला ‘वापरायला’ देणारेही आरोपी होऊ शकतात. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

गोठवलेली रक्कम ठरलेल्या कायदेशीर प्रक्रियेने, बँकेमार्फत परत मिळते. मध्येच ‘सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सोडवायला प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला, तर तो त्याच धंद्यातला पुढचा फोन असतो.