पार्श्वभूमी: मिलचं कार्ड गेलं, तेव्हापासून

नागपुरात दुखणं मोठं असलं की घरात दोनच मोठ्या सरकारी रुग्णालयांची नावं निघतात, मेडिकल नाहीतर मेयो. पण साधा ताप, बीपीची रोजची गोळी, यासाठी वस्तीतल्या माणसानं कुठं जायचं? हजारो कुटुंबांसाठी याचं उत्तर बरीच वर्षं मिलच्या फाटकात होतं.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथं एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली. तिथं १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई आली, तीही कायद्याची सक्ती नसताना. पुढे १९४८ च्या कामगार विमा कायद्यानं पगारातल्या छोट्या कपातीवर अख्ख्या घराला दवाखाना मिळू लागला. मिलमध्ये असताना मिळालेलं त्या विम्याचं कार्ड आमच्या शेजारच्या काकांनी अजून जपलंय. कडा झिजल्यात, शाई उडालीय, तरी रेशनकार्डाखाली प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं असतं.

मिलबाहेरच्या गरिबांची काळजी मात्र माणसांनी आपणहून घेतली. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला. बाळंतपणात बाया दगावत होत्या, त्या काळात एका तरुण विधवेनं हे काम हाती घेतलं. या शहराच्या आरोग्याचा इतिहास सांगताना मी तरी तिथूनच सुरुवात करीन.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. काकांचा मुलगा आज ठिय्यावर, म्हणजे रोजंदारी मजुरांच्या नाक्यावर, उभा राहतो, मिळेल त्या साइटवर जातो. विमा कायदा लागू व्हायला एका ठिकाणी किमान दहा कामगार लागतात आणि पगाराची मर्यादा २१ हजारांची. त्याचा मालकच रोज बदलतो, मग कपात कोण करणार?

सरकारी आखणीतही शहरी गरीब मागेच राहिला. भोर समितीनं १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, ती उभी राहिली गावांत. शहरात मोठी रुग्णालयं आहेतच, असं धरून चाललं. १९८३ च्या सुमारास झोपडपट्ट्यांसाठी हेल्थ पोस्ट नावाचे छोटे दवाखाने आले, पण त्यांचा भर कुटुंब नियोजन आणि माता-बालकांवर. ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हे सूत्र राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानं आणलं, तेव्हा २०१३ उजाडलं होतं. बाह्यरुग्ण विभाग दुपारी १२ ते रात्री ८ असावा, असंही त्या आराखड्यात सुचवलं होतं. मजुरी न बुडवता दवाखाना गाठता यावा, हे त्यामागचं कारण, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि तिचं संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलंय. तिनं अनेकांची शेतं, दागिने वाचवले. पण ती मुख्यतः भरती झाल्यावरची योजना. पक्षाघाताचा झटका आला तर खर्च निघेल, तो येऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी त्यात बसत नाही. ती वस्तीतल्या दवाखान्यानंच द्यायची असते. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' या सरकारी योजनेचं महत्त्व इथंच आहे, आणि त्याची कसोटीही इथंच लागते: औषधसाठा सलग हवा, डॉक्टर टिकणारा हवा, दार संध्याकाळी उघडं हवं.

काकूंना तिथं मागच्या खेपेला बीपीच्या पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, उरलेल्या बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी. काकूंनी ती चिठ्ठी घडी करून त्याच पिशवीत, कार्डाशेजारी ठेवली, आणि गोळी एक दिवसाआड घ्यायला लागल्या.